नीट आलं की बोलेन

२ फेब्रुवारी

डॉक्टरांनी रोज थोडं लिहायला सांगितलंय. बोलता येत नाही तोवर मनात साठू देऊ नका, म्हणाले. रोज जमेलसं वाटत नाही. पण हस्ताक्षर चांगलं आहे, ते तरी वापरात राहील.

घरी येऊन आठवडा झाला. कर्करोगापायी स्वरयंत्र पूर्ण काढावं लागलं. गळ्याच्या तळाशी, शर्टाचं वरचं बटण येतं त्या जागी, आता एक भोक आहे आणि श्वास तिथूनच चालतो. नाक नुसतं चष्मा टेकवायला उरलं. चहाचा वास येत नाही, गरम घोटावर फुंकर घालता येत नाही. भोकावर पातळ कापडाचा पडदा बांधतो, तान्ह्या मुलाच्या लाळेऱ्यासारखा.

उभी हयात मी रेडिओवर बातम्या वाचल्या. कागद हातात पडला की पेन्सिलीने श्वासाच्या जागा आखून घ्यायचो, अवघड नावं पुटपुटत बसायचो. 'क्षमा करा' म्हणून शब्द परत उच्चारायची वेळ बाकी सगळ्यांवर आली, माझ्यावर आली नाही. निवृत्तीच्या दिवशी केंद्रप्रमुख म्हणाले होते, यांच्या खोकल्यालासुद्धा पूर्णविराम असतो.

हिचे डोळे साखरेने गेले. उजेड कळतो, कुणी दारात उभं राहिलं तर सावली कळते. तेवढंच. सकाळी मी हिला पेपर मोठ्याने वाचून दाखवायचो, पहिल्या पानापासून 'खोली भाड्याने देणे आहे'पर्यंत. आता मी पाटीवर लिहितो ते हिला दिसत नाही आणि मला बोलता येत नाही. मुलगा दुसऱ्या शहरात असतो. ऑपरेशनसाठी आला होता. जाताना म्हणाला, "तुम्हा दोघांचं मिळून एक धड माणूस होतं की." हसवायला म्हणाला. मी पाटीवर 'हा हा' लिहून दाखवलं.

"काय म्हणाले?" हिने विचारलं.

"हसले," मुलगा म्हणाला.

९ फेब्रुवारी

एक युक्ती सापडली. हिच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढतो. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. पहिला शब्द काढला 'चहा'. ही म्हणाली, "तुमचा ह गुदगुल्या करतो."

वेळ फार लागतो. एका वाक्यात दूध उतू गेलं. पण अक्षर चुकलं तर तळहात पुसून पुन्हा काढता येतं, हे बरं आहे.

१७ फेब्रुवारी

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आज बोलण्याचा पहिला वर्ग झाला. शिकवणाऱ्या बाई आमच्या सुनेपेक्षाही लहान दिसतात. फुप्फुसातली हवा आता तोंडात येणार नाही. म्हणून हवा तोंडातून अन्ननलिकेत ढकलायची आणि लगेच परत आणायची. थोडक्यात ढेकर द्यायचा आणि तो संपायच्या आत त्यात शब्द बसवायचा. महिनोन् महिने लागतात, म्हणाल्या. काहींना जमतच नाही.

तोवर सोय म्हणून त्यांनी एक यंत्र दाखवलं. टॉर्चसारखं आहे. गळ्याला टेकवून बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. मी 'आज' म्हणून पाहिलं. पत्र्याच्या डब्यात भुंगा अडकावा तसा आवाज निघाला. मी यंत्र टेबलावर ठेवलं आणि पाटीवर लिहिलं, 'हे नको.'

"घरी कुणाशी बोलायचं असेल तर आजपासून बोलता येईल, काका," त्या म्हणाल्या.

'घाई नाही,' मी लिहिलं.

घरी आल्यावर हिने विचारलं, "यंत्रबिंत्र काही मिळतं का हो अशा लोकांना?" मी दोन टिचक्या मारल्या. त्याला आवाज म्हणत नाहीत, तेव्हा हे खोटं नाही.

वर्गात आणखी एक गृहस्थ आहेत. जुन्या गाड्यांचे आणि कारखान्यांतल्या भंगाराचे लिलाव पुकारायचे. पोट सुटलेलं, गळ्याला रंगीत रुमाल. पहिल्याच तासाला एक दणदणीत ढेकर दिला आणि टाळीसाठी हात पुढे केला. मी टाळी दिली नाही. सगळे त्यांना लिलाववाले म्हणतात.

४ मार्च

आज आवाज आला. 'पा'. दार करकरण्याच्या आणि ढेकराच्या मधलं काहीतरी.

घरात सराव करायला बाथरूम बरी. दार लावून घेतो आणि नळ सोडतो, म्हणजे बाहेर काही जात नाही. असला आवाज हिच्या कानावर पडायला नको. माझ्या आवाजावर भाळून हिने मला पत्र धाडलं होतं, बघण्याच्या आधी. मी कसा दिसतो हे तिला माहीतच नव्हतं. आता दिसण्याचा प्रश्न पुन्हा मिटला आहे आणि आवाज हा.

"इतका वेळ नळ कशाला चालू असतो?" हिने विचारलं. मी तळहातावर काढलं, 'भोक स्वच्छ करतो.'

२१ मार्च

ठरवलं. पहिल्यांदा हिच्याशी बोलेन ते वाक्य स्वच्छ आलं पाहिजे. वाक्यही ठरवलं: 'आज मी पेपर वाचून दाखवतो.' सोपं नाही. म नाकातून येत नाही, त्याचा ब होतो. ख चा क होतो. 'आज बी पेपर वाचून दाकवतो.' हे ऐकवायचं?

बाईंना विचारलं, ख कधी येईल. त्या म्हणाल्या, "पूर्ण ख बहुतेक येणारच नाही, काका. पण ऐकणारा अर्थावरून तो भरून घेतो."

'आपलं काम ऐकणाऱ्यावर का टाकायचं?' मी लिहिलं.

"त्याला ते हवं असतं म्हणून."

वय लहान आहे. ऐकणाऱ्यांच्या तक्रारींची पत्रं त्यांनी कधी उघडली नसतील.

२ एप्रिल

स्वयंपाकघरातलं स्टूल पुन्हा बाथरूमच्या दाराशी सापडलं. मी ते उचलून जागेवर ठेवलं. दिसत नसलेलं माणूस घरात आहे, वस्तू जागच्या हलता कामा नयेत. कामाला येणाऱ्या मावशींना पाटीवर लिहून दाखवलं. म्हणाल्या, "मी नाही ठेवलं, साहेब." मग काय ते चालत गेलं?

आज वाक्य जवळजवळ आलं होतं. चारदा म्हटलं. शेवटच्या वेळी 'वाचून' इतकं सुरेख पडलं की आरशात स्वतःलाच मान डोलावली. ही दिवसभर उगाच खुशीत होती. मावशींना मोजे कसे ताणून धरून रफू करायचे ते सांगत बसली, हाताने चाचपून.

११ एप्रिल

लिलाववाले न कळवता घरी आले. येता येता दारातच म्हणाले, "वहिनी, चहा टाका, लांबून आलोय." तसल्या आवाजात. पाइपातून पाणी उतरावं तसा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ही खुर्चीतून उठून उभी राहिली. "कोण बोलतंय?"

"मी साहेबांच्या वर्गातला. गळा कापलेला नंबर दोन."

ही हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग दोघं तासभर बोलत बसली. कसं बोलता, दुखतं का, जेवताना काय करता, सगळं विचारून झालं. लिलाववाल्यांचे अर्धे शब्द गळतात. त्याचं त्यांना काही नाही. एखादा शब्द नाहीच आला तर हाताने टेबल वाजवून पुढे जातात. हिला सगळं कळत होतं. मी मध्ये बसून चहा ओतत होतो.

"नातू पहिल्या दिवशी माझा आवाज ऐकून रडत पळाला," ते म्हणाले. "आता शाळेतून आला की म्हणतो, आजोबा, भूत काढा."

निघताना म्हणाले, "साहेब तर माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. बाई वर्गात त्यांचंच उदाहरण देतात."

दार लागलं. हिने कपबशा गोळा केल्या, एक कप हातातून सुटला.

१२ एप्रिल

सकाळी चहाच्या वेळी ही म्हणाली, "वर्गात बोलता म्हणे."

एक टिचकी.

"मग माझ्याशी?"

मी तिच्या तळहातावर काढलं, 'नीट आलं की बोलेन.'

"नीट म्हणजे केव्हा?"

याला टिचकी नाही. ही बराच वेळ हात तसाच उघडा धरून बसली होती. मग पदराला पुसला आणि आत गेली.

समजेल तिला. रेडिओवर असताना मी नवीन बातमीपत्राच्या आधी जेवायचोही नाही, तेव्हाही ती काही म्हणत नसे.

६ मे

प्रगती बरी आहे. एका हवेत पाच अक्षरं. बाई म्हणतात पुरेसं आहे, आता लोकांत बोला, दुकानात जा, काहीतरी मागा. दुकानात गेलो. 'साबण' तयार ठेवला होता. दुकानदाराने "काय पाहिजे?" विचारलं आणि मी बोट दाखवलं.

ही हल्ली गप्प असते. रेडिओ लावत नाही. मावशी आल्या की तेवढ्यापुरती बोलते, त्यासुद्धा कामाच्या घाईत असतात. काल मी खोलीत आलो तर ही भिंतीकडे तोंड करून पेपर वाचत होती. म्हणजे हातात पेपर नव्हता. वाचल्यासारखं बोलत होती, हवामानापासून सुरू करून. माझ्या जुन्या लयीत. पावलं वाजली तशी थांबली. वय झालं की माणसं स्वतःशी बोलतात.

२ जून

आज अक्षर चांगलं येणार नाही.

सकाळी सरावाला गेलो. मोरीत केस अडकले असावेत, पाणी तुंबलं आणि दाराखालून बाहेर गेलं. माझं लक्ष नव्हतं. वाक्य पूर्ण आलं होतं, ख सुद्धा आला होता, निदान मला तसं वाटलं. ते पुन्हा पक्कं करत होतो. बाहेर काहीतरी आपटलं.

दार उघडलं तर ही पाण्यात कुशीवर पडलेली. उजवा पाय विचित्र वळलेला. स्टूल शेजारी आडवं. मावशींना किती वेळा बजावलं होतं.

ही म्हणाली, "अहो, आहात का?" मी तिथेच होतो, हातभर अंतरावर. तोंड उघडलं. हवा आत जाईना. बाई सांगायच्या, घाबरलात की घसा मुठीसारखा मिटतो. मिटला. मी हात धरून टिचकी मारली.

"घसरले जरा," ही म्हणाली. "तुम्ही थांबू नका. चालू ठेवा."

काय चालू ठेवा? नळ? धक्क्यात माणूस काहीही बोलतं.

फोन करून उपयोग नव्हता, बोलणार कसं त्याच्यावर? शेजारचं दार बडवलं. त्या बाई आंघोळीला होत्या. समोरचं बडवलं. कुणी उघडेपर्यंत ही आत एकटी पडून होती आणि मला हाक मारत होती. मला ऐकू येत होतं. मी ओ देऊ शकत नव्हतो.

खुब्याचं हाड मोडलंय.

६ जून

साखर खाली येईपर्यंत ऑपरेशन थांबलं होतं, काल झालं. पायात सळई घातली. ही भ्रमात आहे. डॉक्टर म्हणतात, या वयात भूल आणि दुखणं मिळून असं होतं, उतरेल. सारखी एकच गोष्ट म्हणते, "नळ बंद करा." सिस्टर सांगतात, आजी, इथे नळ नाही.

एका हाताला सलाइन आहे. दुसरा हात हातात घेतला की झटकून टाकते. अक्षर काढू देत नाही.

७ जून

ही दुपारी म्हणाली, "कोण आहे तिथे? कुणीतरी आहे."

मी हवा आत घेतली आणि म्हणालो, "मी."

'बी' आलं.

"कसलं बी?" ही घाबरली. "कोण आहे हा माणूस? सिस्टर, याला बाहेर काढा. घशात काहीतरी अडकलंय त्याच्या."

मी पुन्हा म्हणालो, "मी, मी." ती उशी सोडून मागे सरकायला लागली, पाय हलला आणि किंचाळली. सिस्टर धावत आल्या. मला म्हणाल्या, "आजोबा, प्लीज थोडा वेळ बाहेर थांबा."

कॉरिडॉरमध्ये संध्याकाळपर्यंत बसलो. इतके महिने जे जपलं ते पहिल्यांदा बाहेर काढलं आणि तिने ते ओळखलं नाही. कसं ओळखणार? तिच्या कानावर ते कधी पडू दिलं नाही.

९ जून

लिलाववाले भेटायला आले. मी पाटी काढली तर त्यांनी ती हातातून घेऊन बाकाखाली ठेवली.

"बोला," म्हणाले.

मी तुटक तुटक सांगितलं. पाण्याचं, पडण्याचं, 'याला बाहेर काढा'चं. मध्येच हवा संपली, दोनदा नुसताच ढेकर आला. ते मान हलवत राहिले.

"मी आयुष्यभर भंगार गाड्या विकल्या," शेवटी म्हणाले. "सुरू न होणारी गाडीसुद्धा ढकलत मैदानात आणावी लागते, साहेब. गॅरेजात ठेवून बोली लागत नाही."

"आता उशीर."

"झालाय खरा. पण मग काय करणार आहात? इथे बसून ख घोटणार?"

मला राग आला. ते गेल्यावर कँटीनमधून पेपर विकत आणला.

१० जून

दारातच उभा राहिलो, जवळ गेलो नाही. हिने मान वळवली. मी म्हणालो, "पेपर वाचू?"

'पेपर' चांगला येतो, प ला हवा आपोआप आत जाते. मी पहिल्या पानावरची बातमी सुरू केली. पूल खचल्याची होती. ती धड एक मिनिटाची बातमी, मला किती वेळ लागला देव जाणे. महापौर हा शब्द तीनदा घेऊनही आला नाही. सवयीने थांबलो, मागे जाऊन वाक्य पहिल्यापासून उचलायला लागलो.

"मागे नका जाऊ," ही म्हणाली. "पुलाचं पुढे काय झालं?"

मी पुढे गेलो. बाजूच्या खाटेवरची मुलगी कानात बोटं घालून होती. मी शेवटपर्यंत वाचलं.

१४ जून

हिला बसवायला लागले आहेत. भ्रम पूर्ण गेलेला नाही, मला अजून परकाच समजते. 'पेपरवाले' म्हणते. "आलात पेपरवाले? आज उशीर केलात." मग छोट्या जाहिराती आधी वाचायला लावते. आज खोली भाड्याने देण्याच्या जाहिरातीवर बराच वेळ चर्चा झाली, तिसरा मजला आणि लिफ्ट नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "नकोच मग."

मी खूप चुकतो. कुणी मोजत नाही असं दिसतं.

१९ जून

डॉक्टर म्हणाले, डोकं आता अगदी लख्ख आहे, छातीची मात्र काळजी वाटते. मी म्हणालो, मला ओळखत नाही अजून. त्यांनी तिला तारीख, मुलाचं नाव, वजाबाक्या विचारल्या होत्या, सगळं बरोबर. वजाबाकी येते आणि नवरा कळत नाही, याला लख्ख म्हणतात. डॉक्टरांना काय, ते पाच मिनिटं येतात.

दुपारी वाचून झालं तेव्हा ही म्हणाली, "आमचे हे रेडिओवर होते. तुमच्यासारखंच ऑपरेशन झालं त्यांचं."

"मग? बोलतात?"

"बाथरूममध्ये कोंडून घेऊन बोलतात. नळ सोडून. मी स्टूल घेऊन दाराशी बसायचे ऐकायला." खोकला आला, पाणी दिलं. "एकच वाक्य, रोज. मला पाठ झालं होतं. नळ जरा कमी सोडा, म्हणावंसं वाटायचं."

पेला परत ठेवला. कसंबसं विचारलं, "सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तेही बंद झालं असतं. त्यांना अर्धवट काही द्यायला आवडत नाही." चादर चाचपून सरळ केली. "मला चाललं असतं हो. मी इतके दिवस अंधारात नुसती बसून होते."

मीच तो, असं सांगायला मी तोंड उघडलं. ती म्हणाली, "शेवटचं पान राहिलं. वाचा."

सांगितलं असतं तर परत त्या दिवसासारखी घाबरली असती, म्हणून वाचलं.

घरी आलो. मावशींनी स्टूल ठेवलं नव्हतं. त्यांची माफी मागितली, तोंडाने. त्या दचकल्या, मग म्हणाल्या, "असू दे साहेब."

मोरीतून केस काढले. पांढरे, आखूड. माझेच.

२४ जून

आज मला दोनदा 'अहो' म्हणाली. पहिल्यांदा पाणी मागताना. मी 'काय' म्हणालो तर म्हणाली, "तुम्हाला नाही, पेपरवाले." नंतर माझ्या बाहीवरून हात फिरवत म्हणाली, "अहो, बटण लोंबतंय. मावशींकडून लावून घ्या." पेपरवाल्याला मावशी कुठून माहीत असणार? पुन्हा गोंधळायला लागली आहे. डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते माझ्याकडे नुसते पाहत राहिले.

ताप आहे. श्वास मोजून घेतल्यासारखा घेते. मी गळ्यावरचा पडदा बाजूला करून माझा श्वास तिच्या लयीत लावून पाहिला, जमत नाही.

३० जून

न्यूमोनिया. मुलगा दोन दिवस येऊन राहिला, रजा संपली म्हणून आज सकाळी गेला, पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो म्हणाला. तो असताना मी पाटी वापरली. का, ते सांगता येणार नाही. त्याच्यासमोर त्याच्या बापाचा जुना आवाज असायला हवा होता. हिने दोन्ही दिवस पेपर मागितला नाही.

तो गेल्यावर लगेच म्हणाली, "आता वाचा."

ऑक्सिजनच्या मास्कमुळे तिचेही शब्द आता अर्धे येतात. बाकीचे मी भरून घेतो. जड जात नाही.

२ जुलै

आज वाचलं नाही. तिला नको होतं. म्हणाली, "नुसतं बोला." काय बोलू, विचारलं. "काहीही."

मी बोललो. छप्पर कुठे गळतं, शेजारच्या बाईंनी काय आणून दिलं, दुकानात मी तोंडाने साबण मागितला आणि दुकानदाराने 'कोणता?' असं सरळ विचारलं. हवा संपली की थांबायचो, परत भरायचो. जीभ सुजल्यासारखी झाली. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्ये एकदा म्हणाली, "ते वाक्य म्हणा ना."

"कोणतं?"

ती हसली बहुतेक, मास्कवर वाफ आली. "असू दे," म्हणाली.

४ जुलै

सकाळी गेली. मी पोचलो तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता.

सिस्टरनी पिशवी हातात दिली. कंगवा, लोकरी मोजे, कवळीची डबी. त्या म्हणाल्या, "पहाटे जाग्या होत्या. घड्याळ विचारत होत्या. म्हणाल्या, माझे यजमान अकराला येतात, वाचून दाखवतात."

मी म्हणालो, "पेपरवाले म्हणाली असेल."

"नाही, यजमानच म्हणायच्या. तुम्ही वाचायला लागलात त्याच आठवड्यापासून. आम्हाला बजावून ठेवलं होतं, त्यांना सांगू नका मला कळलंय ते, नाहीतर गप्प बसतील."

मी पिशवी घेऊन खुर्चीवर बसलो. सिस्टरनी विचारलं, मुलाला फोन मी करू का? मी नको म्हणालो.

टेबलावरचा त्यांचाच फोन घेतला. मुलगा म्हणाला, "हॅलो, कोण?"

"आई गेली."

ग ला आवाज लागला नाही. 'आई केली' असं काहीतरी आलं.

"कोण बोलतंय? कोण पाहिजे तुम्हाला?" आणि फोन बंद.

टेबलापाशी दोघंतिघं रिपोर्टसाठी उभी होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी नंबर पुन्हा लावला.

"ठेवू नको. बाबा बोलतोय." पापा आलं.

या वेळी फोन बंद झाला नाही. मग तो म्हणाला, "बाबा? हे तुम्ही आहात?"

"हो."

ह माझ्याकडे नाहीच. नुसता ओ गेला.

"आई गेली," मी म्हणालो. पुन्हा केलीच आलं. मी ते दुरुस्त करायला थांबलो नाही, पुढचं सांगत गेलो, किती वाजता, शेजारी कोण होतं, त्याने कोणत्या गाडीने यावं. बरंचसं त्याला कळलं असावं. तो रडत होता, आणि मध्ये मध्ये 'हं बाबा' म्हणत होता.